आजोबांना इंग्रजी येत नव्हतं

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत एक चमत्कार आहे. प्रत्येकाचे पणजोबा सरदार होते. संस्थानाच्या फौजेत नुसता शिपाई म्हणून कुणाचेच पणजोबा नव्हते. मग पायी कोण चाललं आणि घोड्यांची लीद कोणी उचलली, असं मी एकदा चारचौघांत विचारलं, तर सगळे हसले आणि म्हणाले, "स्नेहलता, तू रेल्वेवाल्यांची मुलगी, तुला नाही कळायचं." मी आहेच रेल्वेवाल्यांची मुलगी. माझे वडील नोकरीसाठी भुसावळहून इथे आले आणि इथलेच होऊन गेले. आमच्या भिंतीवर पगडीवाला फोटो नाही. सत्यनारायणाच्या दिवशी काढलेला एक आहे, त्यातही वडिलांचे डोळे मिटलेले आहेत.

हे आधीच सांगितलं, कारण आता ज्या बाईंबद्दल लिहिणार आहे त्या अशाच एका पगडीवाल्या घरातल्या आहेत आणि तरीही मला त्यांचा भयंकर अभिमान आहे. राजेश्वरीबाई निकम. वय साठीला टेकलेलं, उंची बेताची, आवाज मात्र दोन गल्ल्यांना पुरेल एवढा. सुती साडी, चष्म्याला साखळी, आणि स्कूटर चालवताना समोर कोणी आडवा आला तर ब्रेकच्या आधी त्यांचं तोंड लागतं. तेही गुजरातीत, म्हणजे समोरच्याला नीट पोहोचावं.

रावपुऱ्यात मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की एका मराठी मंडळाची दुमजली इमारत आहे. खाली हॉल. तिथे गणपती बसतो, साखरपुडे होतात, आणि वर्षातून एकदा सभेत सभासद एकमेकांवर रुसतात. वर एक लांबट खोली. त्या खोलीत वीसेक वर्षं रोज संध्याकाळी बाईंचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग चालतो. गोरव्याच्या कारखान्यांतून पाळी संपवून हात धुऊन आलेले तरुण, कापडाच्या दुकानांत दिवसभर उभ्या असलेल्या मुली, अकोट्याच्या सोसायट्यांतल्या सुना, कॅनडाला जायला निघालेली जोडपी, सगळे एका बाकावर. गुजराती विद्यार्थी त्यांना बेन म्हणतात, मराठी बाई म्हणतात. मी तिशी उलटल्यावर तिथे गेले, गोरव्याच्या एका कारखान्यात माल पाठवण्याच्या खात्यात होते तेव्हा. आज त्याच कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांशी मीच बोलते.

बाईंची शिकवण्याची पद्धत जगावेगळी होती. त्या व्याकरणाने सुरुवात करत नसत. त्या सुरुवात करत बढाईने.

याला कारण अनुज. अनुज म्हणजे मंडळाचे चिटणीस भास्करराव यांचा मुलगा. चांगला शिकलेला, दिसायला रुबाबदार, बाईंच्या अगदी पहिल्यावहिल्या विद्यार्थ्यांतला. एका कंपनीत मुलाखतीला गेला. साहेबांनी विचारलं, "टेल मी अबाउट युअरसेल्फ." स्वतःबद्दल सांगा. झालं! अनुजने सुरू केलं ते पणजोबांपासून. त्यांची घोडदळातली नोकरी, त्यांना मिळालेला शेला, दसऱ्याच्या मिरवणुकीत त्यांचा घोडा कितवा असायचा, सगळं. इंग्रजी अगदी बिनचूक. पण अनुज काय शिकला, त्याला काय येतं, याचा त्यात एक शब्द नाही. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या पणजोबांना कामावर घ्यायला फार आवडलं असतं. ते येतील का?"

अनुज रडवेला होऊन वर्गात आला. बाई आधी पोट धरून हसल्या, मग गंभीर झाल्या. त्यांच्या लक्षात आलं की ही एकट्या अनुजची गोष्ट नाही. या घरांतल्या पोरांना लहानपणापासून दोन गोष्टी शिकवल्या जातात. घराण्याबद्दल कितीही बोला, कोणी अडवत नाही. स्वतःबद्दल एक वाक्य बोललात तर आजी डोळे वटारते. त्यामुळे स्वतःबद्दल विचारलं की यांची जीभ आपोआप माडीवरच्या फोटोकडे वळते.

तेव्हापासून प्रत्येक नव्या तुकडीचा पहिला धडा ठरला, बढाईचा. फळ्यावर काही न लिहिता बाई विचारत, "बढाईखोराला इंग्रजीत काय म्हणतात?" शो ऑफ हे सगळ्यांना येतंच. मग बाई एकेक काढत. ही इज ब्लोइंग हिज ओन ट्रम्पेट. "हा स्वतःची तुतारी स्वतः फुंकतो. आपल्याकडचा टिमकी वाजवतो, तिकडचा तुतारी फुंकतो, शेजाऱ्यांच्या कानाला त्रास सारखाच." टॉकिंग बिग. "मोठ्या बाता मारणं. गुजराती मंडळी, तुमच्याकडे फांका मारे ते." टू बिग फॉर हिज बूट्स. "हा इतका चढला की आपलेच बूट याला लहान पडायला लागले." आणि मग आमच्याकडे, म्हणजे मराठी बाकाकडे बघून, नेम ड्रॉपिंग. "बोलता बोलता मोठ्या माणसांची नावं पेरत जाणं. इंग्रज लोक निदान जिवंत माणसांची नावं पेरतात. आपण मेलेल्यांची पेरतो, म्हणजे कोणी येऊन नाही म्हणायला नको."

सगळे हसले की त्या टाळी वाजवून गप्प करत. "हसू नका. एवढे सगळे शब्द शिकवले ते यासाठी, की यातलं एकही तुम्हाला करायचं नाहीये. पण गप्पही बसायचं नाहीये. प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं. सुरुवात आय पासून. पुढे तुम्ही स्वतः केलेलं काहीतरी. आणि कोणी तपासायला आलं तर दाखवता आलं पाहिजे." ज्याच्या तोंडून पणजोबा निघतील त्याने खाली जाऊन सगळ्यांना चहा सांगायचा. पहिल्या आठवड्यात चहाची चंगळ असायची.

मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं की मी पाठवलेली एकही पेटी आजवर चुकीच्या पत्त्यावर गेली नाही. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "एकही नाही?"

"दोनदा गेली होती," मी म्हटलं.

"मग ते दोनदाही सांग, आणि बाकी सगळ्या बरोबर गेल्या तेही सांग. तेवढं तुझं आहे. त्याच्यापेक्षा जास्त सांगितलंस तर बढाई, आणि कमी सांगितलंस तर नुकसान." त्या दोन पेट्यांसकटचं वाक्य मी पुढे मुलाखतीत तसंच्या तसं बोलले आणि नोकरीत वर चढले. हे मी आता बेधडक सांगते, कारण ते माझं आहे.

गंमत पुढे आहे. दुसऱ्यांना स्वतःबद्दल बोलायला लावणाऱ्या या बाई स्वतःबद्दल चकार शब्द काढत नसत. त्यांचं इंग्रजी आलं कुठून, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. शिक्षण मराठी शाळेतलं, लग्न लवकर झालेलं, घरात इंग्रजी बोलणारं कोणी नाही. त्यांच्या सासूबाई गंगाबाई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला एक कथा सांगायच्या. राजेश्वरीचे आजोबा म्हणे संस्थानाच्या पागेत होते. त्यांनी एका गोऱ्या साहेबाला घोड्यावर बसायला शिकवलं, साहेबाने त्यांना इंग्रजी शिकवलं, आणि ते उतरत उतरत नातीपर्यंत आलं. "रक्तातच आहे तिच्या," असं गंगाबाई म्हणायच्या. गंगाबाई गेल्या, कथा राहिली. सगळ्या रावपुऱ्याला ती पाठ होती. कोणी बाईंसमोर सांगितली तर बाई नुसत्या फळा पुसत राहायच्या. मला याचा राग यायचा. आम्हाला चहा आणायला लावणाऱ्या बाईंनी स्वतःच्या आजोबांना मात्र खुशाल मिरवू द्यावं!

आणि मग गेल्या वर्षी वरच्या खोलीवरच गदा आली.

भास्कररावांच्या डोक्यात एक कल्पना शिरली. मंडळाच्या वरच्या खोलीत पूर्वजांचं दालन करायचं. घरोघरच्या तलवारी, पगड्या, तैलचित्रं, सनदा, सगळं काचेच्या कपाटांत. येणाऱ्या पिढीला कळलं पाहिजे आपण कोण होतो, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नाही. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, बोलणं गोड, प्रत्येकाच्या पणजोबांचा हुद्दा तोंडपाठ. ज्यांचे हुद्दे लहान होते त्यांचे त्यांनी वाढवूनही दिले होते, त्यामुळे सभासद खूश होते. पण खोली एकच होती. दालन झालं की वर्ग बंद.

बंद म्हणजे बंदच. बाईंचं घर दोन खोल्यांचं, तिथे चार बाकं मावणार नाहीत. बाजारात खोली घ्यायची तर फी वाढवावी लागेल, आणि फी वाढली की दुकानातल्या मुली पहिल्या गळतील. शिवाय रावपुऱ्याच्या आसपास आता चकचकीत क्लास निघालेत, एसी आणि रंगीत खुर्च्यांचे. बाईंची खरी जागा ती खोलीच होती. त्या वयात दुसरीकडे नव्याने बस्तान बसवणं शक्य नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. त्या आठवड्यात त्यांनी शिकवताना दोनदा एकच गोष्ट सांगितली. असं कधी होत नसे.

निर्णय वार्षिक सभेत होणार होता. घरटी एक मत. घरातल्या कर्त्या माणसाने हात वर करायचा. म्हणजे बाईंच्या घरचं मत होतं प्रतापसिंहरावांच्या हातात.

प्रतापसिंहराव हे बाईंचे यजमान. वीज खात्यातून निवृत्त झालेले. भरघोस मिशा, ताठ मान, आणि तोंडाला कुलूप. वर्गाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या शिकवण्याबद्दल त्यांनी बरं म्हटल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. वाईटही नाही म्हणा. त्यांच्या घरी माळ्यावर घोंगडीत गुंडाळलेली एक तलवार होती आणि भास्कररावांच्या यादीत ती पहिली होती. तिला मधल्या कपाटात जागा मिळणार, खाली निकम घराण्याचं नाव येणार. मी बाईंना विचारलं, "साहेब कोणाच्या बाजूने हात वर करतील?" तर त्या म्हणाल्या, "विचारलं नाही. विचारून मिळालेलं मत काय कामाचं." मला त्या मिशांचा भयंकर संताप आला.

सभा रविवारी सकाळी होती. मी सभासद नाही, पण बाईंच्या विद्यार्थ्यांना मागच्या खुर्च्यांवर बसायची परवानगी होती. अध्यक्षस्थानी बळवंतराव, मंडळातले सगळ्यात वयस्कर, काठी गुडघ्यांमध्ये धरून बसलेले. भास्कररावांनी दालनाबद्दल फार सुंदर भाषण केलं. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर वाटलं की बघायला जावं. त्यांनी पुढच्या रांगेतल्या एकेकाच्या पणजोबांचं नाव घेतलं आणि एकेकाची छाती फुगत गेली. शेवटी ते बाईंकडे वळून हात जोडून म्हणाले,

"आणि राजेश्वरीबाईंनी गैरसमज करून घेऊ नये. त्यांच्या इंग्रजीचं आम्हाला कौतुकच आहे. ते त्यांच्या आजोबांपासून आलेलं आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा दालनात त्यांच्या आजोबांचा फोटो आपण सन्मानाने लावू. साहेबांकडून इंग्रजी शिकलेला बडोद्याचा पहिला घोडेस्वार, असं खाली लिहू. वर्गाचा मान त्यातच आला."

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "संपलं."

बाई उठल्या. हातात कागद नव्हता. मला वाटलं, आता त्या आभार मानतील. घरंदाज बायका अशा वेळी आभार मानतात आणि घरी जाऊन डोकं धरतात.

"माझ्या आजोबांना इंग्रजी येत नव्हतं," बाई म्हणाल्या.

हॉलमध्ये कोणाला काही कळेना. भास्कररावांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"त्यांना इंग्रजीतले दोन शब्द येत. एक येस, दुसरा सर. ते पागेत घोड्यांना दाणा घालायचे. घोडा आजारी पडला तर रात्रभर त्याच्याजवळ बसायचे. चांगले होते. मला फार आवडायचे. पण इंग्रजी त्यांचं नाही. ते माझं आहे. इतकी वर्षं मी गप्प बसले, कारण सासूबाईंना खोटं पाडायचं नव्हतं. पण आता त्या गोष्टीवर माझी खोली जाणार असेल तर मी गप्प बसणार नाही."

मग त्या पुढे आल्या. जसा वर्ग घेतात तशाच उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

"मुलाच्या शाळेत पालकांची सभा होती. तिथल्या बाई इंग्रजीत बोलत होत्या. मला सगळं समजत होतं आणि एक वाक्य बोलता येत नव्हतं. त्यांनी मला समजत नाही असं धरून चालून शेजारणीला सांगितलं की यांना जरा गुजरातीत सांगा. मला इतका राग आला की घरी येऊन मी भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी मिक्सरच्या खोक्यावर एक फुकटचा फोन नंबर दिसला. तक्रारीसाठी. इंग्रजीसाठी दोन दाबा. मी दोन दाबलं. एक मुलगी म्हणाली, हाऊ मे आय हेल्प यू. मी घाबरून फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी परत केला. परत ठेवला. असं करत करत एके दिवशी तोंडातून निघालं, माय मिक्सर इज मेकिंग अ नॉइज. मिक्सर ठणठणीत होता, बरं का. ती म्हणाली, व्हॉट काइंड ऑफ नॉइज? आता नॉइज कसला ते मला इंग्रजीत येईना. शेवटी मी तिला आवाज काढून दाखवला."

आणि बाईंनी भर सभेत मिक्सरचा आवाज काढून दाखवला. मागच्या खुर्च्यांवर हसू फुटलं. पुढची रांग हसायचं की नाही या विचारात पडली.

"रोज दुपारी घरात कोणी नसताना मी फोन करायची. मिक्सर झाला, फ्रीज झाला, मग बँका. विमान कंपनीला तर मी लंडनच्या तिकिटाची चौकशी करायची. जागा खिडकीजवळची हवी, तेही सांगायची. पासपोर्टसुद्धा नव्हता माझ्याकडे. त्या मुली माझ्या शिक्षिका. त्यांना माहीत नाही. मी त्यांच्याकडून शिकले, तीन वर्षं, एकटी. मग वर्ग काढला. आज माझे विद्यार्थी कारखान्यांत आहेत, विमानतळावर आहेत, कॅनडात आहेत, तिथे इंग्रजीत भांडून आपला हक्क घेतात. भास्कररावांचा अनुज आज ज्या नोकरीत आहे, तिच्या मुलाखतीत काय बोलायचं ते मी त्याच्याकडून बसवून घेतलं. हे सगळं मी केलं. बडोद्यात हे काम माझ्याइतकं चांगलं करणारं मला तरी कोणी दिसत नाही. मला ती खोली पाहिजे."

त्या खाली बसल्या. मी टाळी वाजवली, आणि हॉलमध्ये माझी एकटीचीच टाळी आहे हे लक्षात येऊनही वाजवत राहिले. मग मागच्या सगळ्यांनी वाजवल्या. पुढे मात्र कुजबुज सुरू झाली. "फारच बोलल्या." "एवढी शेखी?" "बाईमाणसाने?"

बळवंतरावांनी काठी आपटली. "राजेश्वरी, तू मला मुलीसारखी. काम तुझं चांगलं असेल. पण आपली टिमकी आपणच वाजवणं आपल्या लोकांत शोभत नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती." मग त्यांनी मान वळवली. "प्रतापसिंहराव, तुमच्या घरचा प्रश्न आहे. तुमचं काय म्हणणं?"

प्रतापसिंहराव उठले. सदरा खाली ओढला. मिशांवरून हात फिरवला. "मी... म्हणजे आमच्या घरात..." एवढं बोलून थांबले. घसा खाकरला. परत सुरुवात केली, "सौभाग्यवतींबद्दल मी काय..." आणि परत थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी मनात म्हटलं, बसा आता खाली, तेवढं तरी करा.

तर त्या माणसाने एकदम सभेकडे पाठ फिरवली, आम्हा मागच्या खुर्च्यांकडे तोंड केलं, आणि घडाघडा गुजरातीत बोलायला लागला.

"जुओ भाई, साची वात कहुं? आखा रावपुरामां एना जेवुं इंग्लिश कोई बोलतुं नथी. ने कोईए शिखवाड्युं नथी एने. एकली शीखी छे. ए समजे छे के मने खबर नथी. मने बधी खबर छे. बपोरे हुं घेर आवुं ने अंदरथी एनुं इंग्लिश संभळाय, तो हुं दादर पर ज बेसी रहुं. अंदर जाउं तो ए फोन मूकी दे ने!"

मला आधी नीट कळलं नाही, मग कळलं. बायको एकटीच इंग्रजी शिकली हे याला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तिला वाटत होतं की ठाऊक नाही. दुपारी जेवायला घरी आलेला हा माणूस आतून बायकोचं इंग्रजी ऐकू आलं की जिन्यावरच बसून राहत होता. आत गेला तर ती फोन ठेवून देईल म्हणून. तीन वर्षं. उपाशी.

"मिक्सरनो अवाज पण में सांभळ्यो छे," ते म्हणाले, म्हणजे तो आवाजही यांनी जिन्यावरून ऐकलेला, आणि आता पुढची रांगही हसली. पण ते थांबायला तयार नव्हते. बायकोने कोणाकोणाला शिकवलं, कोण कुठल्या गावी आहे, कोणाला नोकरीत काय मिळालं, सगळं नावानिशी. आम्ही स्वतः विसरलो होतो त्या गोष्टीही त्यांच्या लक्षात होत्या. माझंही नाव आलं त्यात, पेट्यांसकट. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, हे आम्ही रोज चहाच्या लारीवर ऐकतो! काही नवीन सांगा!" म्हणजे रस्त्यावरच्या त्या गाड्यापाशी, रिक्षावाल्यांसमोर, हे गृहस्थ वर्षानुवर्षं बायकोची बढाई मारत होते आणि घरी येऊन तोंडाला कुलूप लावत होते.

बाई जागेवरून उठल्या. त्यांचा आवाज प्रथमच लहान ऐकू आला. "हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"मराठीत कसं सांगू?" प्रतापसिंहराव अगदी खरेपणाने म्हणाले. "आपल्यात सांगतं का कोणी? वडिलांनी आईला कधी सांगितलेलं ऐकलं नाही मी. मला ते मराठीत येतच नाही."

"आता सांगा."

"इथे?"

"इथेच."

ते गृहस्थ सगळ्या मंडळासमोर, पंख्याकडे बघत उभे राहिले. मग नजर खाली आणली आणि बाईंकडे बघून म्हणाले, "मला तुझा अभिमान वाटतो, राजेश्वरी. पहिल्या दिवसापासून वाटतो." आणि अध्यक्षांकडे वळून घाईघाईने, "तलवार माळ्यावर बरी आहे."

मला रडू आलं. लपवलं नाही. भास्कररावही नाक पुसत होते, त्यांचं काय कारण होतं ते त्यांना ठाऊक.

बळवंतरावांनी घसा साफ केला आणि मतदान पुकारलं. "वर्गाला खोली राहावी असं ज्यांना वाटतं, त्या घरांनी हात वर करा. घरटी एक."

प्रतापसिंहरावांचा हात निघालाच होता. बाईंनी तो मनगटाला धरून खाली घेतला.

"आपल्या घरचा हात मी वर करते," त्या म्हणाल्या.

पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "स्वतःच्या कामाला स्वतःच मत?"

"हो," बाई म्हणाल्या. "माझंच आहे ते काम."

आणि त्यांनी हात वर केला. कोपरात न वाकवता, थेट खांद्यापासून, बांगड्या मागे सरकल्या इतका वर. बराच वेळ तो एकच हात हॉलमध्ये होता, आणि बाई तो खाली घेत नव्हत्या. मग दुसरा वर आला, तो भास्कररावांचा, म्हणजे अनुजच्या वडिलांचा. मग मात्र इतके आले की बळवंतराव मोजायचं सोडून हसत बसले.